बारा तारांची गिटार कमी पैशांत घ्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारा तारांवर साधा जी कॉर्ड छेडला तरी एकदम भरगच्च वाटतं. हा आवाज स्वस्त गिटारमधूनही बऱ्यापैकी निघतो. अडचण येते ती सहा महिन्यांनी, वर्षानं, जेव्हा तारांच्या ताणापुढे गिटार हळूहळू वाकायला लागते. त्यामुळे खाली लाकडाच्या जातीपेक्षा नेक (गिटारचा लांब दांडा), ब्रिज (तारा जिथे अडकतात ती लाकडी पट्टी) आणि सॅडल (ब्रिजवरचा, तारा टेकायचा पांढरा तुकडा) यांच्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

सहा तारांच्या गिटारपेक्षा ही वेगळी कशी?

तारा बारा असल्या तरी त्या सहा जोड्यांमध्ये असतात आणि एक जोडी एकदमच दाबायची व छेडायची असते. त्यामुळे कॉर्डचे आकार तेच राहतात, नवीन काही शिकावं लागत नाही. पातळ बाजूच्या दोन जोड्या, म्हणजे ई आणि बी, एकाच स्वराला जुळवलेल्या असतात. उरलेल्या जी, डी, ए आणि जाड ई या चार जोड्यांमध्ये एक नेहमीची तार आणि तिच्या शेजारी एक सप्तक वरची बारीक तार असते.

नवख्यांना एका गोष्टीचं हमखास आश्चर्य वाटतं. या गिटारवरचा सर्वांत उंच स्वर पहिल्या तारेचा नसून जीच्या जोडीतल्या बारीक तारेचा असतो. पहिली ई सुमारे ३३० हर्ट्झवर वाजते, तर ही बारीक जी ३९२ वर. सगळ्यात जास्त तुटणारी तारही हीच. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

बजेट कमी आहे. पैसे कुठे वाचवू आणि कुठे वाचवू नको?

वाचवायचे असतील तर दिसण्यावर वाचवा. शिंपल्याची नक्षी, चकचकीत पॉलिश, बॅक आणि साइडला अमुक लाकूड, कटअवे (बॉडीला नेकपाशी दिलेला काप), आत बसवलेला प्रीअँप यातलं काहीही नसलं तरी गिटार वाजते आणि टिकतेही.

तडजोड करू नये ती बांधणीत. कारण साधा हिशोब आहे. सहा तारांच्या गिटारवर लाइट गेजच्या, म्हणजे कमी जाडीच्या, तारा लावल्या तर एकूण ताण सुमारे ७३ किलो येतो. बारा तारांच्या लाइट सेटचा ताण सुमारे ११३ किलोपर्यंत जातो. हा ताण रात्रंदिवस, तुम्ही वाजवत नसतानाही, नेकला पुढे खेचत असतो आणि ब्रिजला टॉपवरून, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीवरून, उपटू पाहत असतो. सहा तारांच्या स्वस्त गिटारमध्ये जे दोष खपून जातात ते इथे खपत नाहीत.

कंपनीला एक दुहेरी कसरत करावी लागते. ताण सोसायला टॉपच्या आतली ब्रेसिंग (आधाराच्या लाकडी पट्ट्या) जाड केली की आवाज दबतो. पातळ केली की आवाज खुलतो, पण टॉप फुगतो. महागड्या गिटारमध्ये हा तोल कसबानं साधलेला असतो. स्वस्तात निवड करायची वेळ आली तर मी थोडा दबका आवाज पण सरळ नेक असलेली गिटार घेईन. आवाज नवीन तारांनी आणि चांगल्या सेटअपनं (कारागिराकडून नेक, नट आणि सॅडल जुळवून घेणं) सुधारतो. चुकीच्या कोनात बसलेली नेक सुधारायचा खर्च मात्र अनेकदा गिटारच्या किमतीपेक्षाही जास्त निघतो.

आणि बजेट ठरवताना सेटअपचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त गिटारचं ॲक्शन बहुतेक वेळा उंचच असतं, म्हणजे तारा फ्रेटबोर्डपासून लांब असतात. सहा तारांवर ते कसंबसं चालून जातं. बारा तारांवर पंधरा मिनिटांत बोटं बोलायला लागतात आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते.

घेण्याआधी नेमकं काय तपासायचं?

गिटार आधी पूर्ण ट्यून करायला सांगा. ढिल्या तारांवर कुठलाही दोष दिसत नाही. मग पुढच्या गोष्टी पाहा. वेळ घ्या, विक्रेता घाई करत असेल तरीही.

आधी नेक. हेडस्टॉकच्या (नेकचं चाव्या असलेलं टोक) बाजूनं, नटच्या (तिथली खाचांची छोटी पट्टी) मागून एक डोळा मिटून नेकच्या कडेवरून ब्रिजकडे बघा. थोडासा, जेमतेम जाणवेल इतका पोटातला बाक असणं योग्यच आहे आणि तो ट्रस रॉडनं (नेकच्या आतली, फिरवून घट्ट-सैल करता येणारी सळई) कमी-जास्त करता येतो. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली, म्हणजे नेकला पीळ आहे, तर ती गिटार ठेवून द्या. पीळ ट्रस रॉडनं जात नाही.

दुसरं, नेकचा कोन. सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच आणि लोक नेमकी हीच करत नाहीत. लांब सरळ पट्टी फ्रेट्सवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मधल्या तारांच्या मध्ये, नेकच्या लांबीत टेकवा आणि ब्रिजच्या दिशेनं सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकलं किंवा किंचित वर गेलं तर कोन ठीक आहे. ते ब्रिजच्या मध्यावर किंवा त्याहून खाली आपटत असेल तर नेक पुढे झुकली आहे. पट्टी नसेल तर सॅडल बघा. ब्रिजच्या लाकडातून पांढरं सॅडल निदान ३ मिलिमीटर तरी वर डोकावत असलं पाहिजे. ॲक्शन उंच आहे आणि सॅडल मात्र आधीच घासून घासून ब्रिजला टेकलंय, असं चित्र असेल तर ॲक्शन खाली आणायला जागाच उरलेली नाही. मग ट्रस रॉड फिरवून काहीही होणार नाही, कोणी कितीही सांगो.

तिसरं, ब्रिज. एक पातळ कागद घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली, तारा अडकवायच्या पिनांच्या मागे, सरकवायचा प्रयत्न करा. डिंक नीट धरलेला असेल तर कागदाचा कोपरा कडेला अडकून मुडपतो. तो २ मिलिमीटर जरी आत शिरला तरी ब्रिज उचकटायला सुरुवात झाली आहे असं समजा. दोन्ही टोकांना विशेष बघा, सुरुवात बहुधा तिथून होते.

चौथं, टॉपचा फुगवटा. गिटार डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून ब्रिजच्या मागचा भाग पाहा. थोडा उंचवटा सगळ्याच बारा तारांच्या गिटारवर असतो, त्याला घाबरू नका. पण ब्रिजच्या मागे टेकाड आणि पुढे साउंडहोलच्या बाजूला खड्डा, असा ब्रिज पुढे कलंडलेला दिसला तर आतली ब्रेसिंग हरली आहे.

शेवटी ॲक्शन. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड ईला २ ते २.४ मिलिमीटर आणि पातळ ईला १.६ ते २ मिलिमीटर असेल तर उत्तम. जास्त असेल आणि सॅडल भरपूर उंच असेल तर चिंता नाही, सेटअपमध्ये खाली येईल. नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते बघा. केसभर राहायला हवी. नखाइतकी राहत असेल तर नटच्या खाचा खोल करून घ्याव्या लागतील. एफ कॉर्ड नवख्याला छळतो तो बऱ्याचदा या खाचांमुळेच.

नटची रुंदी किती असावी?

सहा तारांच्या गिटारचा नट साधारण ४३ ते ४४.५ मिलिमीटरचा असतो. बारा तारांसाठी ४६ ते ४८ मिलिमीटर सोयीचा. त्याहून अरुंद नटवर जोड्या इतक्या जवळ येतात की सी कॉर्ड धरताना बोटाचं टोक शेजारच्या जोडीला लागून ती मुकी होते. बोटं जाड असतील तर ४८च्या जवळचाच शोधा. हात लहान असेल तर फार रुंद नेक मनगटाला जड जाते, विशेषतः बॅरे कॉर्डला, जिथे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायच्या असतात.

रुंदीइतकंच महत्त्व खाचांच्या अंतराला आहे. जोडीतल्या दोन तारा फार जवळ असतील तर जोरात छेडल्यावर एकमेकींवर आपटतात. फार लांब असतील तर एका बोटाखाली दोन्ही नीट दाबल्या जात नाहीत. स्वस्त गिटारमध्ये हे अंतर कधी कधी जोडीगणिक बदलतं. नट बदलणं हे तसं छोटं काम आहे, त्यामुळे बाकी सगळं चांगलं असेल तर एवढ्यासाठी गिटार नाकारू नका.

सॉलिड टॉप घ्यायचाच का?

मिळत असेल तर घ्या. लॅमिनेट म्हणजे थरांच्या लाकडापेक्षा सॉलिड स्प्रूस किंवा सीडर जास्त मोकळा वाजतो. पण सॉलिड टॉप हवामानाला हळवा असतो. हवा कोरडी झाली की आक्रसतो, तडे जाऊ शकतात. दमट झाली की फुगतो आणि ॲक्शन वर जातं. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता त्याला मानवते. गिटार घरात उघडीच टांगून ठेवणार असाल आणि काळजी घेणं जमणार नसेल, तर चांगल्या बांधणीचा लॅमिनेट टॉप हा काही कमीपणा नाही. बारा तारांची खुमारी मुळात दुहेरी तारांत असते, त्यामुळे लॅमिनेटचा तोटा इथे सहा तारांच्या गिटारइतका कानाला खुपत नाही.

बॅक आणि साइड लॅमिनेट असणं या किमतीत गृहीतच धरा.

मी नुकतीच गिटार शिकायला सुरुवात केली आहे. हीच पहिली घेतली तर?

माझं मत नको असं आहे. शिकता येत नाही असं नाही, पण बोटांना दुप्पट तारा दाबाव्या लागतात, ट्यूनिंगला दुप्पट वेळ लागतो आणि सुरुवातीला चुकतंय ते बोट की गिटार हेच कळत नाही. शिवाय एकेका तारेवर वाजवायच्या गोष्टी, बेंडिंग (तार बाजूला ताणून सूर चढवणं) वगैरे, इथे धड जमत नाहीत. आधी सहा तारांवर बॅरे कॉर्ड स्वच्छ वाजू देत. ज्यांच्याकडे एकच गिटार असणार आहे त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. बारा तारांची गिटार दुसरी म्हणून फार सुंदर वाटते. एकुलती एक म्हणून लवकर कंटाळा आणते.

हा आवाज मला खरंच हवा आहे का, हे आधी कसं ओळखू?

एक स्वस्त उपाय आहे. बारा तारांचा एक सेट विकत घ्या. त्यातल्या बारीक तारा वेगळ्या काढा: जाड ई, ए, डी आणि जी यांच्या सप्तक वरच्या चार तारा आणि बी व ई प्रत्येकी एक. या सहा तारा तुमच्या नेहमीच्या गिटारवर लावा. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. ताण नेहमीपेक्षा कमीच येतो, त्यामुळे गिटारला काही धोका नाही. फक्त नटच्या खाचा जाड तारांसाठी कापलेल्या असल्यामुळे बारीक तार त्यात थोडी हलेल.

अशा गिटारवर वाजवताना शेजारी कोणी साध्या गिटारवर तेच कॉर्ड वाजवले की दोन्ही मिळून बारा तारांचा आवाज तयार होतो. एकटे असाल तर एक ट्रॅक रेकॉर्ड करून दुसरा त्यावर वाजवा. रेकॉर्डिंगसाठीच बारा तारा हव्या असणाऱ्या कित्येकांची गरज इथेच भागते आणि गिटार घ्यायची वेळच येत नाही.

मग माझ्या सहा तारांच्या गिटारलाच बारा तारा लावून घेता येतील का?

नको. हेडस्टॉकवर जागा नसते, नट अरुंद असतो, आणि मुख्य म्हणजे आतली ब्रेसिंग त्या ताणासाठी बांधलेलीच नसते. कोणी करून देतो म्हणाला तरी नको.

उलटा प्रयोग मात्र बिनधास्त करा. बारा तारांच्या गिटारवरून काही तारा काढून ती नऊ किंवा दहा तारांची करून वाजवणारे आहेत. जाड ईच्या जोडीतली बारीक तार काढली की बेस स्वच्छ ऐकू येतो. फिंगरस्टाइल वाजवणाऱ्यांना हे विशेष आवडतं.

ई स्टँडर्डलाच, म्हणजे नेहमीच्या सुरांनाच, ट्यून करायची का? काही जण खाली उतरवायला सांगतात.

उतरवाच. सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे डी ते डी, आणली की ताण सुमारे २० टक्के कमी होतो. ११३ किलोचे जवळपास ९० होतात. अर्धा स्वर उतरवला तरी ११ टक्के फरक पडतो. मूळ सुरात वाजवायचं असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. बोटांना कॉर्ड तेच, कानाला सूर तेच, आणि कॅपोमुळे नटच्या उंच खाचांचा त्रासही टळतो.

ही काही आजची युक्ती नाही. लेड बेली हा अमेरिकन ब्लूज गायक आपली बारा तारांची स्टेला गिटार ईपेक्षा बरीच खाली लावायचा, आणि अमेरिकन गिटारवादक लिओ कॉटकीही खालीच लावतो. खालच्या ट्यूनिंगमध्ये या गिटारला एक घुमारा येतो जो ई स्टँडर्डमध्ये सापडत नाही.

डीमध्ये तारा फार लुळ्या वाटल्या तर थोडा जाड सेट लावा. पण मग तो सेट लावून पुन्हा ईपर्यंत चढवू नका.

जीची बारीक तार सारखी तुटते. जाड लावू का?

जाड लावल्यानं तुटणं थांबत नाही. तार जाड झाली की ती सोसू शकते तो ताण वाढतो, पण त्याच स्वरापर्यंत न्यायला लागणारा ताणही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणजे ठरावीक लांबीची पोलादी तार जवळपास ठरावीक स्वरालाच तुटते, मग तिची जाडी काहीही असो. नेहमीच्या लांबीच्या गिटारवर ही जी त्या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर उभी असते.

त्यामुळे इलाज तीनच. पहिला, ट्यूनिंग खाली आणा. बहुतेकांचा प्रश्न इथेच संपतो. दुसरा, तार कुठे तुटते ते बघा. दर वेळी नटपाशीच किंवा सॅडलपाशीच तुटत असेल तर तिथे खाचेत धार आहे, ती घासून गुळगुळीत करा आणि पेन्सिलचं ग्राफाइट भरा. तिसरा, कमी स्केल लांबीची (नट ते सॅडल अंतर कमी असलेली) गिटार घ्या, कारण तार आखूड असली की त्याच स्वराला कमी ताण पुरतो. गेज म्हणाल तर ०.००८ किंवा ०.००९ इंच हेच या तारेचं नेहमीचं माप आहे. दोन-तीन सुट्या तारा केसमध्ये ठेवाव्यातच.

ट्यूनिंगला फार वेळ जातो. काही युक्ती?

क्लिप ट्यूनर घ्या, पण दोन्ही तारा एकदम छेडून त्याला विचारू नका, तो गोंधळतो. जोडीतली एक तार बोटानं मुकी करा आणि दुसरी लावा. आधी सहा मुख्य तारा लावून घ्या, मग त्यांच्या जोडीदार. बारा तारांचा ताण बदलला की नेक किंचित हलते आणि आधी लावलेल्या तारा उतरतात, म्हणून एक फेरी पुरत नाही. दुसरी फेरी गृहीत धरा. तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणा. वर गेली तर पुन्हा खाली उतरवून मग चढवा, नाहीतर ट्यूनिंगची चावी मागे सरकते आणि दोन गाण्यांत सूर ढळतो.

शेवटचं काम कानानं. पहिल्या जोडीतल्या दोन्ही ई एकदम छेडा आणि स्वर विरेपर्यंत ऐका. स्वरात वाँव-वाँव अशी लाट येत असेल तर दोघींमध्ये फरक आहे. एक तार ३३० हर्ट्झवर आणि दुसरी ३३१ वर असेल तर सेकंदाला एक लाट ऐकू येईल. एकीची चावी अगदी हळू फिरवा. लाट लांबत जाते, मग थांबते. काही वादक ती पूर्ण थांबवत नाहीत, थोडी हलती ठेवतात. त्यानं आवाजाला कोरससारखी झिलई येते. सप्तकाच्या जोड्यांमध्ये मात्र असा फरक ठेवला तर गिटार नुसती बेसूर वाटते.

बाराव्या फ्रेटच्या वर सूर बिघडतो. गिटार खराब आहे का?

थोडा बिघडणारच. जाड आणि बारीक तार एकाच सॅडलवर टेकते. खरं तर दोघींना सॅडल वेगवेगळ्या जागी हवं असतं. त्यामुळे एक किंचित चढी तर दुसरी किंचित उतरी लागते. सॅडलवर तारांगणिक खाचा पाडून हा फरक कमी करता येतो. पण खालच्या पाच फ्रेट्समध्येच कॉर्ड बेसूर लागत असतील तर आधी नटच्या खाचा आणि ॲक्शन तपासा. उंच तार दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो.

पिनवाला ब्रिज चांगला की तारा मागून ओवायचा?

स्वस्त गिटारमध्ये मी पिनवाला घेईन. त्यात तारेचं गोळीवालं टोक टॉपच्या आत, खालच्या लाकडी पट्टीला अडकतं आणि ताणाचा बराच भार तिथे जातो. मागून ओवायच्या ब्रिजमध्ये तारा बदलणं झटपट होतं, पण सगळी ओढ डिंकाच्या सांध्यावर येते. चांगल्या कंपन्या तोही उत्तम बनवतात. प्रश्न हलक्या डिंकाचा आहे.

सेकंडहँड घ्यावी का?

वर सांगितलेल्या तपासण्या स्वतः करता येत असतील तर जरूर. बारा तारांच्या गिटार लोक हौसेनं घेतात आणि ट्यूनिंगला कंटाळून विकतात, त्यामुळे जेमतेम वाजवलेल्या गिटार बऱ्याच निघतात. फ्रेट्सही घासलेले नसतात.

वाजवली नसली तरी ती ताणाखाली उभी होती का, हा खरा प्रश्न. वर्षानुवर्षं ई स्टँडर्डमध्ये ठेवलेली गिटार चकचकीत दिसते आणि तिची नेक गेलेली असते. साठ-सत्तरच्या दशकांतल्या जुन्या गिटारच्या बाबतीत तर नेक रीसेट (नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवणं) लागणार असं धरूनच चाला. विकणारा तारा ढिल्या करून दाखवत असेल तर ट्यून करून वीस मिनिटं थांबा आणि मग ॲक्शन मोजा. नाही म्हणाला तर आपणही नाही म्हणावं.

न बघता ऑनलाइन मागवायची असेल तर परत करायची सोय आहे याची खात्री करा. आणि ब्रिजचा बाजूनं काढलेला फोटो मागा. समोरून काढलेल्या देखण्या फोटोंत यातलं काहीच दिसत नाही.

कोणती मॉडेल्स बघू?

उपलब्धता बदलत राहते, तरी सुरुवात कुठून करावी ते सांगतो. यामाहा एफजी८२०-१२ मध्ये सॉलिड स्प्रूस टॉप मिळतो. झगमगाट शून्य, आणि मला तेच आवडतं. फेंडर सीडी-६०एससीई-१२ मध्येही सॉलिड स्प्रूस आहे, वर कटअवे आणि पिकअप (आवाज स्पीकरपर्यंत नेण्यासाठी). एपिफोन डीआर-२१२ लॅमिनेट टॉपची, नुसती चव घेऊन बघायची असेल त्यांच्यासाठी. सीगलच्या बारा तारांच्या गिटारमध्ये सीडरचा टॉप येतो. त्याचा आवाज मऊ आणि उबदार, हलक्या हाताला छान साथ देतो, जोरात बडवणाऱ्यांना तितका नाही. थोडं वर जायची तयारी असेल तर गिल्ड एफ-२५१२ई बघा. मेपलची कमानदार बॅक आणि जंबो बॉडी यांमुळे तिचा आवाज भरपूर आणि तरीही स्वच्छ असतो. टेलर १५०ई ही या सगळ्यांत वाजवायला सोपी, पण ती परवडणाऱ्या गिटारच्या वरच्या काठावर आहे.

एकाच मॉडेलच्या दोन गिटारमध्येही फरक असतो. दुकानात दोन असतील तर दोन्ही काढायला लावा आणि ज्या गिटारचं सॅडल जास्त उंच आणि ॲक्शन कमी, ती घ्या.

पिकअप असलेली घ्यावी का?

स्टेजवर वाजवत नसाल तर गरज नाही. कमी किमतीत पिकअप आला म्हणजे तेवढे पैसे दुसरीकडून कापले गेले. नंतर साउंडहोलमध्ये बसणारा पिकअप कधीही लावता येतो.

पिक आणि कॅपो वेगळे लागतात का?

पिक पातळ ते मध्यम, ०.६ ते ०.७३ मिलिमीटरच्या आसपास. जाड पिक जोडीतल्या एकाच तारेला ढकलतं आणि दुसरी मागे राहते. हात सैल ठेवा. सहा तारांवर लावता तेवढा जोर इथे लागत नाही, तो लावला तर आवाज नुसता कालवला जातो.

कॅपोच्या बाबतीत कंजूषी नको. साधा स्प्रिंगचा कॅपो जाड तारेवर टेकतो आणि शेजारची बारीक तार अर्धवट दाबली जाऊन झणझणते. बारा तारांसाठी बनवलेला किंवा स्क्रूनं घट्ट करता येणारा घ्या. डी ट्यूनिंगमध्ये ठेवणार असाल तर कॅपो रोजच लागणार आहे.

जोडीत बारीक तार वर असते की खाली?

बहुतेक ॲकॉस्टिक गिटारवर बारीक तार जाडीच्या वर, म्हणजे तुमच्या हनुवटीच्या बाजूला असते, त्यामुळे खाली येणाऱ्या स्ट्रोकला आधी तीच लागते. रिकनबॅकरच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये क्रम उलटा असतो. १९६४मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात दिसलेली ३६०/१२ ही त्यातलीच. तसा आवाज हवा असेल तर नट बदलावा लागेल, नुसत्या तारा उलट लावून चालत नाही, खाचा जाडीनुसार कापलेल्या असतात.

तारा बदलताना आणि गिटार ठेवताना काय काळजी घ्यायची?

बाराही तारा एकदम काढू नका. एक जोडी काढा, नवी लावा, सुरात आणा, मग पुढची. फ्रेटबोर्ड पुसायचा असेल तेव्हा सगळ्या काढल्या तरी हरकत नाही, पण नंतर ताण हळूहळू चढवा आणि दुसऱ्या दिवशी ॲक्शन पुन्हा बघा. कोणत्या चावीवर कोणती तार होती याचा आधी फोटो काढून ठेवा. हेडस्टॉकवर बारा चाव्यांची गर्दी असते आणि एक तार चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात.

रोज वाजवत असाल तर डी ट्यूनिंगमध्ये तशीच ठेवा. महिनोन्‌महिने हात लागणार नसेल तर अजून एक-दोन स्वर खाली उतरवून केसमध्ये ठेवा. पूर्ण ढिल्या करायची गरज नाही, कारण ट्रस रॉड उलट्या दिशेनं ओढतच असतो आणि समोर ताणच नसेल तर नेक मागे वाकते. केस घेताना गिटार सोबत न्या. बारा तारांचा हेडस्टॉक लांब असतो आणि साध्या ड्रेडनॉट आकाराच्या गिटारच्या केसमध्ये बऱ्याचदा झाकण लागत नाही.